पायरी हाही बंद दरवाजाच



अमळनेरच्या शाळेत शिकविणाऱ्या आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने लिहून घेणाऱ्या साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे, एवढीच मागणी होती. त्या लढ्याचे वर्म दयेत नव्हते, समान हक्कात होते. अस्पृश्यतेमागे धर्मरूढी होती, कचेरीच्या पायऱ्यांमागे बेपर्वाई आहे. दोन्हींची तुलना सर्वस्वी करता येणार नाही. परंतु चाकाच्या खुर्चीवरील नागरिकाला पायरी हाही बंद दरवाजाच असतो.

कायद्याने हा दरवाजा उघडला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले आणि सरकारी नोकरीतील आरक्षण ३ वरून ४ टक्क्यांवर नेले. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे कलम ४५ सांगते. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत जून २०२२ मध्ये सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचा नियम निव्वळ शिफारशीवजा असल्याचे सांगून तो कायद्याशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक नियम करण्याचा आदेश दिला. ‘अपंग’ शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला. शब्द बदलणे सोपे असते, बांधकाम बदलावयास पैसा आणि इच्छा लागते.

हा प्रश्न वर्गाचाही आहे. श्रीमंताघरच्या दिव्यांगाला मोटार आणि गडी मिळतो. साक्रीच्या शेतमजुराला किंवा रावेरच्या केळीबागेतील मजुराला एस. टी. आणि सरकारी दवाखाना यांवाचून गती नाही. एस. टी.च्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. पण सवलत तिकिटावर मिळते, गाडीच्या उंच पायरीवर मिळत नाही. प्रमाणपत्रासाठी घातलेल्या प्रत्येक खेपेला त्याचा रोज बुडतो, आणि सोबत येणाऱ्याचाही.

जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल प्रकल्पात दिव्यांग तरुण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. उद्याचे अधिकारी म्हणून ते कचेरीत येतील तेव्हा त्यांना उचलून आत न्यावे लागणार असेल, तर आरक्षणाला अर्थ काय उरला?

म्हणून जळगावचे १५ आणि धुळ्याचे ४, अशा १९ तालुक्यांत कार्यकर्त्यांनी तहसील कचेरी, बसस्थानक, दवाखाना आणि शाळा यांची पाहणी करावी. उतरती वाट, कठडा, शौचालय, अंधांसाठी खुणा यांची नोंद घ्यावी. ही पाहणी दिव्यांगांच्या पुढाकारानेच व्हावी. त्यांच्या वतीने बोलण्याची सवय चळवळीनेही सोडली पाहिजे. प्रत्येक सरकारी आस्थापनेत कायद्याने नेमावयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव विचारावे आणि तेथे न्याय न मिळाल्यास राज्य आयुक्तांकडे जावे. नव्या इमारतीला नियम पाळल्यावाचून पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, हे नगरपालिकांना बजावावे.

आणि ही पाहणी पक्षाच्या स्वतःच्या कार्यालयापासून सुरू व्हावी. सभेला येऊ न शकणाऱ्याच्या नावाने समतेचा ठराव करणे, ही समता नव्हे.