अंगावरचे दूध आणि घरातली माणसे

आरोग्यसेविका म्हणून माझी बरीच वर्षे माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर गेली. बाळंतिणीच्या घरी गेले, की माझी नजर आधी कोनाड्याकडे जाई. तिथे मध किंवा दुधाची बाटली दिसली, की आज इथे जास्त वेळ बसायचे आहे, हे समजे.

अशाच एका घरी महिन्याच्या मुलीला जुलाब लागले होते. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. सुनेला दूध पुरत नाही, असे वाटून आजीने म्हशीच्या दुधात पाणी घालून बाटली सुरू केली होती. आजीची माया खोटी नव्हती. पोरीचे रडणे तिला बघवत नव्हते. मुलीला तालुक्याला नेले, सलाइन लावले, ती वाचली. पण मला एक गोष्ट खटकत राहिली. त्या सुनेला मी गरोदरपणात तीनदा भेटले होते. सासूबाईंशी मात्र एकदाही बोलले नव्हते.

तेव्हापासून मी सासूबाईंनाही जवळ बसवू लागले. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘पहिलं दूध पिवळं, चिकट. ते पिळून टाकायचं ना?’’ मी विचारी, ‘‘गाय व्याली, की पहिला चीक वासराला पाजता का ओतून देता?’’ ‘‘अगं, चिकावरच तर वासरू तरतं!’’ ‘‘मग नातवानं काय पाप केलंय?’’ सगळ्या हसत आणि गोष्ट पटे. हे दूध थोडेच येते, पण रोगांशी लढणारी द्रव्ये त्यात भरपूर असतात. म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे तासाभरात दूध मिळालेली बालके देशात ४१.८ टक्केच होती.

दुसरी शंका दूध न पुरण्याची. बाळ जितके ओढते, तितके दूध तयार होते. वरचे दूध दिले, की बाळ कमी ओढते आणि मग अंगावरचे दूध खरोखरच आटते. पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नका. पहिल्या आठवड्यानंतर बाळाला दिवसातून सहा-सात वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. पाजताना नुसते स्तनाग्र नव्हे, भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात जायला हवा.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. उन्हाळ्यातही पाणी नको, कारण या दुधात बहुतांश पाणीच असते. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र थांबवू नये. सहा महिन्यांनंतर मऊ वरण-भात, नाचणीची पेज सुरू करावी आणि अंगावर दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही पाजावे. यामुळे बाळाचे जुलाब आणि न्यूमोनिया कमी होतात. आईचाही बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात राहतो, पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो.

काही आयांना खरोखर अडचण येते. बाळ अपुऱ्या दिवसांचे असते. त्यांना बोल लावू नये, डॉक्टरांकडे न्यावे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू झाली, ती अशाच बाळांसाठी.

नोकरदार स्त्रीला २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. शेतमजूर बाईला ती कोण देणार? तिने दूध स्वच्छ भांड्यात काढून, झाकून थंड जागी ठेवावे आणि घरच्यांनी ते चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजावे. त्याहून मोठी मदत म्हणजे तिच्या कामाचा वाटा उचलणे.

त्या घरी दोन वर्षांनी नातू झाला. मी गेले, तेव्हा सून घागर घेऊन निघाली होती आणि बाळ आत रडत होते. आजीने तिच्या हातातली घागर काढून घेतली. म्हणाली, ‘‘तू पाज त्याला. पाण्याला मी जाते.’’