आधी ऐकणारा संच

खापा, सावनेर, पारशिवनी या पट्ट्यातून पॉलिटेक्निकला आणि इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलामुलींशी आज बोलायचे आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून वॉकीटॉकी करायची, असे पुष्कळांच्या मनात असते. जरूर करा. विनंती एकच : पाठवणारा भाग आधी करायला घेऊ नका. आधी ऐकणारा भाग करा.

ट्रान्समीटर तसा लवकर जमतो. एक क्रिस्टल, एकदोन ट्रान्झिस्टर, थोड्या कॉइल, की टेबलावरच्या रेडिओत आपला आवाज येतो आणि काम झाले असे वाटते. पण दूरवरून आलेला सिग्नल अँटेनावर पोचतो तेव्हा तो व्होल्टच्या दशलक्षांशात मोजावा लागतो. तो गोंगाटातून निवडून काढायचा आणि स्पीकर हलेल एवढा वाढवायचा, कसोटी लागते ती इथे.

खेळण्यातल्या जुन्या वॉकीटॉक्यांमध्ये सुपररिजनरेटिव्ह सर्किट असे. एकच ट्रान्झिस्टर ऐकायचा, आणि बटण दाबले की तोच पाठवू लागायचा. ज्या स्पीकरमधून ऐकायचे तोच माइक व्हायचा. इतक्या थोड्या सामानात इतके काम करणारे सर्किट मला आजही सुंदर वाटते. मात्र ते शेजारची स्टेशने नीट वेगळी करत नाही, आणि ऐकता ऐकता स्वतःही थोडे प्रक्षेपण करत राहते. म्हणून ते समजून घ्या आणि पुढे सुपरहेटरोडाइनकडे वळा. घरातल्या साध्या मीडियम वेव्ह रेडिओत आलेली लहर 455 किलोहर्ट्झवर उतरवून मग वाढवतात, तीच ही युक्ती.

कॉइलसाठी इनॅमल वायर लागते. ती मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळते. टोकांवरचे वार्निश ब्लेडने खरवडा, नाहीतर सोल्डरचा डाग वरून चकचकीत दिसतो आणि आत संपर्कच नसतो. ब्रेडबोर्ड टाळा. त्याच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांत काही पिकोफॅरडची कपॅसिटी असतेच, आणि 27 मेगाहर्ट्झला तेवढ्यानेही ट्यूनिंग सरकते. ट्रिमर लोखंडी स्क्रूड्रायव्हरने फिरवला तर आवाज अगदी स्वच्छ येतो, स्क्रूड्रायव्हर बाजूला घेतला की पुन्हा खरखर. प्लास्टिकचा वापरा आणि सर्किट तांब्याच्या पत्र्याच्या बोर्डावर बांधा.

सामान महाग पडते, ही अडचण खरी आहे. पण हैदराबादच्या अशर फरहान यांनी बीआयटीएक्स नावाचा ट्रान्सीव्हर रचला तेव्हा कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर वापरले होते. तो संच पुढे जगभरच्या हौशी लोकांनी घरी बांधला.

आता अँटेना. आकाशवाणी नागपूरच्या 585 किलोहर्ट्झची लहर सुमारे 513 मीटर लांब. तिला पकडायला रेडिओतली फेराइटची कांडी पुरते, कारण केंद्राची ताकद मोठी असते. हातातल्या संचाला ती सवलत नाही. 27 मेगाहर्ट्झला पाव लहर पावणेतीन मीटर होते, एवढी काठी कोण मिरवणार? अँटेना आखूड करून कॉइल जोडावी लागते आणि ताकद वाया जाते. 144 मेगाहर्ट्झला मात्र अर्ध्या मीटरची तार पुरते.

पण 144 वर बोलायला हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना हवा. वयाची 12 वर्षे झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. 2018 पासून 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या संचांसाठी परवानामुक्त आहे, पण तिथे चालणारे संच मान्यताप्राप्त असावे लागतात. स्वतःच्या हाताने बांधून हवेत सोडायचे असेल तर हॅमचा रस्ताच सरळ. किल्लारीला 1993 मध्ये भूकंप झाला तेव्हा हॅम मंडळींनी संपर्क सांभाळला होता. पोलिसांच्या किंवा विमानांच्या लहरीत आपला सिग्नल घुसला तर कुणाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून मी परवान्यावर इतका भर देतो.

दोन्ही संच झाले आणि परवाना हाती आला, की कन्हानच्या काठावर चाचणी घ्या. एकाने जागेवर थांबावे, दुसऱ्याने चालत जावे, आणि आवाज कुठे तुटतो ते वहीत लिहावे. मग हेच खाप्याच्या गल्लीत करा, अंतर केवढे घटते ते पाहा. गुमगावच्या मँगनीज खाणीत उतरलेल्या माणसापर्यंत तर हा संच पोचणारच नाही, खडक लहरी गिळतो. भूमिगत खाणींत त्यासाठी बोगद्यातून अशी केबल नेतात जी मुद्दाम थोडा सिग्नल बाहेर झिरपू देते. वॉकीटॉकी जमली की पुढच्या वर्षीच्या मुलांनी ही केबल प्रोजेक्टला घ्यावी.