पाहुणा, परमिट आणि पावसाळा

आज जरा अवघड विषयावर बोलायचं आहे. अवघड अशासाठी, की आपल्याकडे या विषयावर एक तर कीर्तन होतं, नाही तर कुजबूज. विषय दारूचा आहे. मी मात्र यातलं काहीच करणार नाही. एका पाहुण्याची गोष्ट तेवढी सांगणार आहे.

माझा भाचा लंडनला जन्मला, तिथंच वाढला. वय तेवीस. एका पावसाळ्यात तो आमच्याकडे तळेगावला राहायला आला. शनिवारी लोणावळ्याला जायचं ठरलं. भाज्याची लेणी, भुशीचं धरण, जमलं तर पवनेचा काठ. वाटेत तो म्हणाला, "मामा, बाबांसाठी इथली एखादी व्हिस्की घेऊ या."

एका वाइन शॉपसमोर गाडी थांबवली. पाटी वाइनची, पण वाइनच्या बाटल्या कोपऱ्यात चार-दोन, बाकी भिंतभर व्हिस्की आणि रम. पुढं लोखंडी जाळी, जाळीला एक खिडकी आणि खिडकीशी रेनकोट घातलेली झुंबड. भाच्यानं बाटली मागितली. आतून प्रश्न आला, "परमिट आहे?" तो म्हणाला, "पासपोर्ट आहे."

सगळे हसले. मीही हसलो. मग लक्षात आलं, की परमिट माझ्याकडे तरी कुठं होतं? गेली तीस वर्षं मी अधूनमधून बाटली घेत आलो, पण ते मला कुणी विचारलं नाही आणि मी काढलं नाही.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतं, की महाराष्ट्रात आजही दारूबंदीचाच कायदा आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्राचं नाव मिळालं आहे. १९५० साली मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. पुढं ती सैल झाली, पण कायदा उठला नाही. म्हणजे कायद्यानं बंदी हा नियम आणि पिण्याची मुभा हा अपवाद. त्या अपवादाचा कागद म्हणजे परमिट. बारच्या पाटीवर आपण जे 'परमिट रूम' वाचतो, ते त्याचंच नाव. हा परवाना एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा मिळतो. एका दिवसाचा तर चहाच्या कपापेक्षा स्वस्त. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून तो घरबसल्याही काढता येतो. गंमत म्हणजे बाहेरून येणारा पाहुणा आणि परदेशी पर्यटक यांच्यासाठीही या जुन्या कायद्यात वेगळ्या परवान्यांची सोय आहे. म्हणजे भाच्याचा विचार सरकारनं सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच करून ठेवला होता!

दुसरी अडचण वयाची. इंग्लंडमध्ये अठराव्या वर्षी दारू विकत घेता येते. तिथला तरुण अमेरिकेला गेला, की एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला दुकानदार हात हलवत परत पाठवतो. १९८४च्या केंद्रीय कायद्यानंतर तिथं सगळ्या राज्यांनी तेच वय धरलं. आपल्याकडे बीअर आणि वाइनसाठी एकवीस, पण व्हिस्की-रमसाठी पंचवीस. पाच वर्षं घरी रीतसर पिणारा माझा भाचा मावळात येऊन पुन्हा अल्पवयीन झाला.

दुकानदार समजूतदार होता. म्हणाला, "काका, तुमच्या नावावर एका दिवसाचं करतो. कोण बघतंय?" जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली हातात आली. भाच्यानं गाडीत बसता बसता विचारलं, "मामा, मग नियम खरा कोणता? पुस्तकातला की खिडकीतला?"

मला उत्तर सुचलं नाही. दुपारी मात्र ते द्यायची वेळ आली. जेवताना त्यानं बीअर घेतली आणि नंतर गाडीच्या किल्लीला हात घातला. म्हणाला, "एका बाटलीनं काय होतं? आमच्याकडे चालतं." श्रोतेहो, मी किल्ली देणार होतो. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मग आठवलं. इंग्लंडमध्ये शंभर मिलिलिटर रक्तात ऐंशी मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालतं. आपल्याकडे मर्यादा तीस मिलिग्रॅमची. शिवाय तिकडचा पाइंट ५६८ मिलिलिटरचा, आपली मोठी बाटली ६५०ची. त्याचा सगळा अंदाज तिकडचा होता आणि रस्ता इकडचा होता. पुढं धुकं, निसरडी वळणं आणि शनिवारची गर्दी. मी किल्ली खिशात टाकली. तो रुसला. संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

त्याला मी भुशीला नेलं. हे धरण रेल्वेनं वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. आज पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसायला दर रविवारी लोक लोटतात. ३० जून २०२४ रोजी याच धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलं होती. दारूचा तिथं प्रश्नच नव्हता. शुद्धीवर असलेल्या माणसांनाही चढत्या पाण्यानं वेळ दिला नाही. मग दोन बाटल्या पोटात असलेल्याचं काय? पावसाळ्यात जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. धबधब्याशी दारू आणू नका, पिऊ नका म्हणतात. तेव्हा आपण त्याला सरकारी कटकट म्हणतो. अपघात झाला, की 'शिवदुर्ग'ची स्थानिक मुलं दोर घेऊन उतरतात. पाहुण्याच्या मजेसाठी त्यांनी किती वेळा जीव पणाला लावायचा?

परतताना कार्ल्याच्या पुढं एका शेतात भातलावणी चालली होती. मावळचा प्रसिद्ध इंद्रायणी तांदूळ वडगावच्या संशोधन केंद्रात १९८७ साली तयार झाला, हे मी भाच्याला कौतुकानं सांगत होतो. चिखलात अनवाणी उभ्या असलेल्या बायांपैकी एक बांधावर बसली होती. तळव्याला चिंधी बांधलेली. विचारलं, तर म्हणाली, "बाटलीची काच. रविवारी पाव्हणे येतात, सोमवारी आमच्या पायात घुसतं."

भाचा काही बोलला नाही. खाली उतरून त्यानं रस्त्याकडेच्या बाटल्या गोळा करायला सुरुवात केली. पिशवी भरली, तरी बाटल्या संपल्या नाहीत. जी इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते, तीच पुढं देहू आणि आळंदीला जाते. आपण वर काय टाकतो, याचा विचार एवढ्यासाठीच करायचा.

रात्री त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला दिलं. म्हटलं, "खिडकीतला नियम मी आजवर चालवून घेतला, ती माझी चूक. परमिटचा कागद तुला विनोदी वाटेल. मलाही वाटतो. पण किल्ली, पाणी आणि काच यांचे नियम विनोदी नाहीत. ते मोडले, तर दंड दुसऱ्यालाच भरावा लागतो."

आपल्याकडे पाहुणे येतील. काहींना प्यायचीही असेल. त्यांना 'चालतं हो' म्हणणं सोपं असतं. पण पाहुण्याला आपल्या गावचा रस्ता, पाणी आणि शेत समजावून सांगणं हाही पाहुणचारच आहे. सोमवारी मी माझं परमिट काढलं. तिसाव्या वर्षी का होईना.