आधी आवाज, मग चित्र

(नाशिक येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कोर्टाच्या तारखा मोबाइलवर होऊ लागल्या तेव्हा आम्हाला सुटल्यासारखं वाटलं. सुरगाण्याची, पेठची बाई मजुरी बुडवून, पोर कडेवर घेऊन, पहाटेच्या एसटीने सीबीएसला उतरते आणि दुपारी पुढची तारीख घेऊन परत जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आवारात सासरची माणसं टपून उभी असतात ते वेगळंच. हे सगळं टळणार असं वाटलं. त्यात आमची चूक कुठे झाली ते आधी सांगते.

२०२१ सालची, कोरोनाच्या काळातली गोष्ट. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालची केस, अंतरिम पोटगीचा अर्ज. न्यायाधीशांनी विचारलं, घर सोडून तुम्ही स्वतः गेलात का? ती म्हणाली, ‘‘मी गेले नाही, मला हाकललं.’’ आवाज मध्येच तुटला. पलीकडे पोचलं ते एवढंच : ‘‘मी गेले.’’ नवऱ्याचा सगळा बचावच ‘ती आपणहून गेली’ यावर उभा होता. आमच्या वकीलताई त्या क्षणी उठून बोलल्या, प्रश्न पुन्हा विचारला गेला, म्हणून निभावलं.

दोष कोर्टाचा नव्हता. आठ दिवस आधी ती आमच्या ऑफिसात आली होती तेव्हा आम्ही चाचणी घेतली होती. ऑफिसचं वायफाय, माझा लॅपटॉप, आणि ‘‘ताई, दिसतेय का?’’ ‘‘दिसतेय.’’ संपली चाचणी. तारखेच्या दिवशी ती भावाच्या घरात होती, भाच्याच्या फोनवर, पत्र्याखाली. म्हणजे आम्ही तपासलं ते आमचं ऑफिस.

ही सोय आता जाणार नाही. मुंबईतल्या एका खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष घ्यायची होती, तेव्हा २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओवरून साक्ष चालते असं सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तर कलम ५३० खाली खटल्याचं कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवता येतं. वैवाहिक खटल्यांचं मात्र वेगळं आहे. २०१७ च्या संथिनी खटल्यात दोन विरुद्ध एक असा निकाल झाला : तडजोडीचे प्रयत्न संपल्यावर, दोन्ही बाजूंची संमती असेल तरच कौटुंबिक न्यायालय व्हिडिओला परवानगी देऊ शकेल. बंद दाराआडच्या सुनावणीतला खाजगीपणा राहणार नाही, ही बहुमताची काळजी. न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं मत उलट, की बाईला न्यायापर्यंत पोचायला याची मदतच होईल. मला चंद्रचूडांचं जास्त पटतं. पण ती बसलीय त्या खोलीचं दार खरंच बंद आहे का, हे दिल्लीहून दिसत नाही. ते आपणच बघायचं.

म्हणून आता आम्ही चाचणी घेतो ती त्याच जागी, त्याच फोनवर, त्याच वेळेला. टॉवरवरची गर्दी वेळेप्रमाणे बदलते. ‘‘यूट्यूब चालतं, म्हणजे नेटवर्क आहे’’ यावर विश्वास ठेवू नका. यूट्यूब पुढचं चित्र आधीच भरून ठेवतं, बोलण्याला तशी सवलत नाही. आणि यूट्यूब फक्त खाली येतं. तिचा आवाज वर जायचा असतो, आणि ती वाट बहुधा अरुंद असते. म्हणून तिला आपलं सगळं ऐकू येतं आणि आपल्याला तिचं तुटक. नुसत्या आवाजाला सेकंदाला शंभर किलोबिटच्या आत भागतं, चित्राला त्याच्या कित्येक पट लागतं. अडलं तर कोर्टाला सांगून, परवानगीने, चित्र बंद करायचं.

आवाजच येत नसेल तर घाबरून सगळं बंद-चालू करू नका, क्रमाने बघा. माइक बंद आहे का? ॲपला माइकची परवानगी दिलीय का? मग ब्लूटूथ. एकीचा फोन दिराच्या स्पीकरला आपोआप जोडला जायचा, चाचणीत कळलं. तारखेला कळलं असतं तर शेजारच्या खोलीत दिराने सगळे प्रश्न ऐकले असते! तारांचा साधा इअरफोन द्या, आवाजही सुधारतो आणि प्रश्न तिच्यापुरते राहतात. आवाज घुमत असेल तर ज्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो त्याचा दोष नसतो. समोरच्याचा स्पीकर त्याच्याच माइकमध्ये बोलत असतो. एका खोलीत दोन फोन जोडलेले असतील तरी तेच होतं. मध्येच फोन आला तरी माइक जातो, तेव्हा फोन बंद ठेवण्याची सोय आधी लावा.

‘‘हॅलो, हॅलो’’ म्हणून चाचणी होत नाही. हॅलो सगळेच मोठ्याने म्हणतात. मारहाणीबद्दल बोलताना बाईचा आवाज खाली जातो, आणि गोंगाट गाळणारं ॲप हळू बोलणंही गाळू शकतं. तिला तिची हकिकत तिच्या नेहमीच्या आवाजात सांगू द्या, दुसऱ्या टोकाला एकीने ऐकलेलं लिहून काढा, मग दोघींनी ताडून बघा. उत्तरं पढवायची नाहीत, फक्त पोचतंय का ते बघायचं. ‘नाही’ शब्द वाक्याच्या शेवटी येतो आणि तोच तुटतो, म्हणून आम्ही सांगतो : आधी ‘नाही’ म्हण, मग बाकीचं.

चित्रात तोंडावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको. आणि खिडकीतून दुकानाची पाटी दिसत असेल तर ती कुठे राहते हे नवऱ्याला कळलंच. पडद्यावर नाव भाच्याचं दिसत असेल तर बदला. कोर्टाच्या परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करायचं नाही, हे घरातल्या पोरांनाही बजावा.

एवढं करूनही आवाज तुटला, तर त्याच क्षणी हात वर करून ‘‘माझं ऐकू आलं का?’’ असं विचारायचं, आणि वकिलांनी आवाज तुटल्याची नोंद मागायची. जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही नाही.

मंगळवारी अकराला पेठची एक तारीख आहे. उद्या त्याच वेळेला चाचणी. एकीला तिच्या घरी जावं लागेल, दुसरीने इथे बसून लिहायचं. कोण जातंय?