अमेरिकेतल्या गोल्फवाल्या पोरींचा हंगाम

‘खेळून पोट भरतं का?’ हा प्रश्न आमच्या बैठकांमध्ये पुन्हा पुन्हा येतो. मुलगी कबड्डीत पुढं जाते, धावण्यात पुढं जाते, आणि मग घरात हाच प्रश्न उभा राहतो. म्हणून आज आम्ही एका लांबच्या मुलुखातली गोष्ट सांगणार आहोत. खेळ आपल्या गावचा नाही, पण हिशोब मात्र तुम्हाला लगेच कळेल.

खेळाचं नाव गोल्फ. लहानपणी गोट्या खेळताना आपण गल करायचो, तशी जमिनीत एक गल असते. लांबून काठीनं चेंडू मारत मारत त्या गलीत घालायचा. अशा अठरा गली. सगळ्यात कमी फटक्यांत जी अठरा गली पुऱ्या करते, ती जिंकते. मैदान एवढं मोठं की एका दिवसाच्या डावात सात-आठ किलोमीटर तरी चाल होते, आणि वेळ चार-पाच तास. सोबत जास्तीत जास्त चौदा काठ्यांची पिशवी. ती वाहायला माणूस ठेवला तर त्याचे पैसे वेगळे, म्हणून कितीतरी पोरी ती स्वतःच गाड्यावर घालून ढकलतात.

अमेरिकेत बायकांच्या गोल्फची मोठी संघटना आहे, एलपीजीए. १९५० साली तेरा जणींनी मिळून ती उभी केली. तेरा जणी! आपल्या बचत गटाएवढ्याच. आज तिथं मोठी बक्षिसं आहेत. पण तिथं थेट जाता येत नाही, आधी खालची पायरी चढावी लागते. त्या पायरीची सुरुवात १९८१ मध्ये फ्लोरिडा राज्यात झाली. बरीच वर्षं तिला फ्युचर्स टूर म्हणत. पुढं पैसा देणारी कंपनी बदलली तसं नाव बदलत गेलं. २०१२ पासून सिमेट्रा टूर, २०२२ पासून एप्सन टूर.

हंगाम मार्चच्या सुमाराला सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. साधारण वीस स्पर्धा, दर वेळी वेगळं गाव, वेगळं राज्य. पोरी गाडीत काठ्या, कपडे, तांदूळ शिजवायचं भांडं असं सगळं टाकून निघतात आणि शेकडो मैल स्वतः गाडी हाकतात. ऊसतोडीला कोयता घेऊन निघालेल्या बायांसारखं सगळं बिऱ्हाडच सोबत. फरक एवढाच की ऊसतोडीला उचल आधी मिळते, इथं आधी खिशातून घालावे लागतात.

आता हिशोब ऐका. स्पर्धेला सव्वाशेच्या आसपास पोरी येतात. प्रत्येकीनं प्रवेश फी भरायची. शिवाय पेट्रोल, जेवण, राहणं. स्पर्धा बहुतेक वेळा तीन दिवसांची. दोन दिवस झाले की चाळण लागते. साधारण पहिल्या साठ जणी पुढं जातात, बाकीच्या घरी. घरी म्हणजे एक रुपयाही न मिळता. दोन दिवस उन्हात राबल्या, फी भरली, तरी हातात काही नाही. पुढं गेलेल्यांत सगळ्यात शेवटची जी असते, तिला काहीशे डॉलर मिळतात. त्यात आठवड्याचा खर्चही धड निघत नाही.

आणि जिंकणारी? २०२२ पासून प्रत्येक स्पर्धेची बक्षीस रक्कम किमान २ लाख डॉलर ठेवली आहे. त्यातले १५ टक्के, म्हणजे ३० हजार डॉलर पहिलीला. आपल्या पैशात वीस लाख रुपयांहून जास्त. ऐकायला भरपूर वाटतं. पण जिंकणारी एकच, आणि तीही पुढच्या आठवड्यात चाळणीत अडकू शकते. त्याच देशात पुरुषांच्या अशाच खालच्या पायरीवर २०२३ पासून एका स्पर्धेला किमान १० लाख डॉलर आहेत. काठ्या त्याच, ऊन तेच. बाईची मजुरी आणि गड्याची मजुरी हा वाद फक्त आपल्याच बांधावरचा आहे असं समजू नका.

मग या पोरी टिकतात कशा? आम्हाला यातलं सगळ्यात आवडलेलं इथंच आहे. ज्या गावात स्पर्धा असते, तिथली माणसं आपल्या घरात खेळाडूंना ठेवून घेतात. खोली देतात, जेवायला घालतात, पैसे घेत नाहीत. वारीच्या वाटेवरच्या गावांत अनोळखी वारकरी बाईला ओसरी मिळते, तसंच. काही घरांत वर्षानुवर्षं तीच पोरगी येते, आणि मग घरची सगळी माणसं तिचा खेळ बघायला मैदानावर जातात. बाकीचा भार आई-बाप, गावातले चार हितचिंतक आणि हिवाळ्यातली एखादी नोकरी यांच्यावर.

हे सगळं कशासाठी, तर हंगामाच्या शेवटी क्रमवारीची यादी लागते. कित्येक वर्षं नियम असा होता की यादीतल्या पहिल्या दहा जणींना वरच्या एलपीजीएचं कार्ड. अकराव्या नंबरला त्या वाटेनं ते नव्हतं. एखाद्या स्पर्धेत शेवटच्या गलीवर वाया गेलेला एक फटका सहा महिन्यांनी असा पुढं येऊन उभा राहतो.

मेक्सिकोची लोरेना ओचोआ २००२ मध्ये या यादीत पहिली आली आणि पुढं २००७ साली जगात पहिल्या क्रमांकावर गेली. कोरियाच्या इन्बी पार्कला वय लहान म्हणून वर प्रवेश नव्हता. २००६ चा हंगाम तिनं इथं काढला आणि यादीत तिसरी आली. दहा वर्षांनी, रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं सुवर्णपदक घेतलं. त्याच रिओच्या मैदानावर बंगळूरूची अठरा वर्षांची अदिती अशोक खेळत होती. अदिती या पायरीनं नाही, पात्रता परीक्षेच्या वाटेनं वर गेली. २०२१ मध्ये टोकियोला तिचं पदक एका फटक्यानं हुकलं, ती चौथी आली. तिथं तिची काठ्यांची पिशवी तिच्या आईनं वाहिली होती.

पण अशी नावं थोडी. बहुतेक पोरी तीन-चार हंगाम बघतात, मग पैसा किंवा घरच्यांचा धीर संपतो. काही जणी क्लबात शिकवायला लागतात, काही शिक्षण पुढं नेतात. हा खेळ सोडायचा कधी, हे कुणी सांगत नाही. यादीत नापास असा शिक्का नसतो, नुसता नंबर असतो, आणि साठाव्या नंबरच्या पोरीलाही वाटतं की पुढच्या वर्षी जमेल. आम्हाला वाटतं, घरी बसून त्याचा निवाडा दुसऱ्यानं करू नये. मात्र खर्चाची वही तिनं आणि घरच्यांनी मिळून दर महिन्याला उघडावी. किती घातले, किती आले, आणखी किती महिने पुरतील.

ज्या थांबत नाहीत, त्यांची गाडी हिवाळा सरला की पुन्हा भरलेली असते. मार्चमध्ये पहिली स्पर्धा, आणि फी त्याच्या आधी भरायची.