हे खरे आहे काय?



आपल्या अमळनेर तालुक्यात पाडळसे येथे तापीवर धरण बांधायला घेतले. ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले, हे आपण सारे जाणतो. त्याचा जाब कोणाला विचारायचा? एक कचेरी दुसरीकडे बोट दाखवते. दुसरी तिसरीकडे. आमदाराला मात्र थेट मंत्र्यालाच विचारता येते, आणि तेही कागदावर.

प्रश्न असा लिहितात: "अमुक धरणाचे काम बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? केली नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

'हे खरे आहे काय' या चार शब्दांची पकड मोठी आहे, बरं का! उत्तर तयार करायचे तर मंत्रालयाला माहिती मागवावी लागते. कागद जिल्ह्याला येतो. तेथून खालच्या कचेरीत जातो. धूळ बसलेली फाईल उघडावी लागते. जे उत्तर जाईल ते सभागृहात छापले जाते. ते जाणूनबुजून खोटे दिले, तर मंत्र्यावर हक्कभंग येऊ शकतो.

प्रश्नापुढे तारा, म्हणजे चांदणीची खूण असली, तर तो तारांकित. त्याचे उत्तर मंत्री उभे राहून देतात, आणि आमदार उलट उपप्रश्न विचारू शकतात. खूण नसली तर फक्त लेखी उत्तर मिळते.

उत्तरातही खुब्या असतात. 'नाही' म्हटले की पुढे 'प्रश्न उद्भवत नाही' असे लिहून मोकळे होतात. 'अंशतः खरे आहे' असे उत्तर आले, तर आम्हांला ते सर्वांत उपयोगी वाटते. कोणता अंश खरा, हे लगेच विचारता येते ना!

दिल्लीच्या लोकसभेत खासदारही असेच प्रश्न विचारतात. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाच्या पैशांबद्दल तेथे प्रश्न आला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी उघड चौकशी केली. १९५८ साली अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

अशा हत्याराला बाजारात किंमत येणारच. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून डिसेंबर २००५ मध्ये संसदेने अकरा खासदारांना काढून टाकले. त्यांत दोघे आपल्या खानदेशातले होते: एरंडोलचे एम. के. पाटील आणि जळगावचे वाय. जी. महाजन. २००७ साली सर्वोच्च न्यायालयानेही संसदेचा निर्णय कायम ठेवला. सांगताना मान खाली जाते, पण सांगायलाच हवे. ज्याच्यासाठी कोणी पैसे मोजले, ते आपल्याला फुकट मागता येते.

अधिवेशन सुरू होण्याच्या बरेच आधी आमदारांकडे जा. तोंडी सांगू नका. गावाचे नाव, कामाचे नाव, मंजुरीचे वर्ष, काम कधी थांबले, एवढे एका कागदावर लिहा. खाली सही करा. अंगठा नव्हे, सही. एक प्रत घरी ठेवा, आणि अधिवेशन संपले की उत्तर मागायला पुन्हा जा.