पांजरपोळातून घरात



१८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला; जैन-हिंदूही सामील झाले. १८३४ साली जमशेटजी जीजीभाई व शेठ अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरपोळची स्थापना केली.

परंतु आसरा म्हणजे घर नव्हे. तेथून खांदा कॉलनीतील सदनिकेत आणलेला श्वान आरंभी कोपऱ्यात दडतो, अन्नास तोंड लावत नाही. आठवड्यातच कंटाळून परत धाडल्यास त्याचा माणसावरील उरलासुरला विश्वासही जातो. त्यास ठरावीक जागा, ठरावीक वेळी अन्न व फेरफटका द्यावा. कुरवाळण्याची घाई नको. रुळण्यास महिनेही लागतात.

कांदा-लसूण श्वानास अपायकारक. जैन स्वयंपाकघरात ती चिंताच नाही! मनुका, द्राक्षे, चॉकलेट मात्र दूर ठेवावे. निव्वळ शाकाहाराबाबत आधी पशुवैद्यांस विचारावे.